लावा आणि विसरा

घरदुरुस्तीच्या सामानाचं दुकान उघडण्यापूर्वी रोज सकाळी सगळे रंगांच्या काउंटरपाशी कॉफीचे कप घेऊन उभे राहत आणि एलिफ त्या दिवसाची कामं वाटून देई. त्या सकाळी तिने क्विरिनला काळा तंबू दिला. तंबू म्हणजे माणसाच्या उंचीचं कापडी कपाट होतं. बाहेरून काळं, आतून चंदेरी, वर दिवा, कोपऱ्यात पंखा, वास अडवायला कोळशाची नळी आणि खाली तीन कुंड्या. प्रत्येक कुंडीच्या बुडाशी पाण्याची टाकी होती आणि मातीतून टाकीत एक जाड कापडी वात सोडलेली होती. गांजाची तीन झाडं घरात लावायला जर्मन सरकारने परवानगी देऊन वर्ष होऊन गेलं होतं. दुकानाच्या मुख्य कचेरीला आत्ता जाग आली होती, एवढंच. तंबूवर पाटी होती : लावा आणि विसरा. एलिफ म्हणाली, ‘‘झाडांतलं कळणारा आपल्याकडे तूच आहेस, क्विरिन. लोकांना दाखवायचं किती सोपं आहे ते. तू कधी लावलंयस का रे?’’ क्विरिन म्हणाला, ‘‘टोमॅटो लावलेत.’’ सगळे हसले. फरशीच्या विभागातल्या म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नाही ना काही?’’ एलिफने विचारलं. ती त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान होती आणि कुणालाही जबरदस्ती न करण्याबद्दल दक्ष असे. तो म्हणाला, नाही, चालेल. कॉफी संपवली, कप धुतला, उपडा ठेवला, आणि आत काहीतरी होईल म्हणून थांबला.  काही झालं नाही. सुन्न झालेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसा तो त्या जागेवरून पुन्हा पुन्हा जाऊन आला. तिथे आपलं काही आहे हे कळत होतं. लागत मात्र काही नव्हतं. मग त्याने तंबूची चेन वर ओढली आणि दिवा लावला.

उजेड पांढरा होता, थोडा गुलाबीकडे झुकलेला. त्याच्या एके काळच्या कपाटातला उजेड पिवळा होता. बल्ब वडिलांच्या तळघरातल्या कामाच्या टेबलावरचा होता, आतून लावलेला चंदेरी कागद आईच्या स्वयंपाकघरातला, आणि पंखा एक जुना कॉम्प्युटर फोडून काढलेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, शाळेत जीवशास्त्र शिकवायचं म्हणून विद्यापीठात जात होता आणि शहराच्या होख्झोल भागातल्या आईवडिलांच्या घरात वरच्या खोलीत राहत होता. बिया बास्टी नावाच्या मित्राने हॉलंडहून मोज्यात लपवून आणल्या होत्या. चार झाडं झाली. त्यांच्यापायी त्याला सगळे उठायच्या आधी उठून दिवा लावावा लागे. कुंड्या रोज थोड्या फिरवाव्या लागत. हातात उचलून वजनावरून ओळखावं लागे की कुणाला तहान लागली आहे. पानं भिंगाखाली धरून तो खालची बाजू बघत बसे, आणि असं बघताना वर्गातल्या मुलांना हे कसं दाखवायचं याची वाक्यं मनात जुळत जात. ओढायला त्याला फारसं आवडत नसे, खोकला येई. त्याला आवडायचं ते वाढणं. रात्री नसलेलं पान सकाळी तिथे असे. आईला घरात कसलातरी वास येऊ लागला तेव्हा तिला वाटलं छपरात रानमांजर शिरलं आहे. तिने वडिलांना बॅटरी देऊन माळ्यावर पाठवलं. ते खाली आले, हात झटकले, म्हणाले, काही नाही.

बास्टी ट्रामच्या थांब्यावर पुडीसकट पकडला गेला आणि त्याने नावं सांगितली. बव्हेरियात तेव्हा अशा गोष्टीला कुणी हसत नसे. दोघं जण आले, एक बाई आणि एक तरुण पोलीस. नाश्त्याची वेळ होती. दोघांनी पायपुसण्यावर बूट नीट पुसले. तरुणाने वरच्या खोलीतून एक कुंडी उचलली ती तिरकी, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर माती सांडली. वडील शहराच्या पाणीपुरवठ्यात देखरेखीवर होते, कामावर जायच्या कपड्यांत होते, त्यांच्या बशीत अर्धा पाव राहिला होता. ते उठून म्हणाले, ‘‘द्या इकडे. मी नेतो खाली.’’ आणि त्यांनी चारही कुंड्या एकेक करून छातीशी धरून खाली नेल्या आणि पोलिसांच्या गाडीत ठेवल्या. पानं त्यांच्या गालाला लागत होती. मग त्यांनी हात धुतले, पाव न संपवता कामावर गेले. आईने जिना पुसला. कोर्टात वडील लग्नाला आणि मयताला घालायचा सूट घालून आले होते आणि पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होते. तुरुंगात जावं लागलं नाही. न्यायाधीश बाई त्याच्याशी मायेनेच बोलल्या. पण असा गुन्हा नावावर लागलेल्या माणसाला सरकार शिक्षक करत नाही, हे विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईने त्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि शनिवार-रविवार छान जावोत म्हणून शुभेच्छा दिल्या. वडिलांनी ते कपाट करवतीने कापलं आणि ईस्टरच्या होळीला चर्चच्या आवारात देऊन टाकलं. त्यानंतर त्या घरात त्या गोष्टीबद्दल कुणी बोललं नाही. भांडणही झालं नाही. रविवारच्या जेवणाला तो जात राहिला, आणि ते छपराच्या पन्हळीबद्दल, ट्रामच्या बदललेल्या मार्गाबद्दल, नदीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. तो आधी दफनभूमीत माळी झाला, मग एका रोपवाटिकेत, मग इथे. मधली काही वर्षं मार्लीस नावाच्या बाईशी लग्न होतं. ती जाताना म्हणाली होती की तू वाईट नाहीस, क्विरिन, पण तुझ्यासोबत राहणं म्हणजे कुणी बाहेरगावी गेलेल्याचं घर सांभाळणं आहे. ते त्याला पटलं होतं, आणि त्याने तिची खोकी गाडीत चढवायला मदत केली होती.

आता तो दिवसभर तंबूपाशी उभा राहून सांगत असे : माती भरा, बी टोचा, टाकी भरा, दिवा चालू-बंद करणारं घड्याळ एकदा लावा. ही जात आपोआप फुलावर येते, तिला काही समजवावं लागत नाही. मधूनमधून टाकीत पाणी आहे ना तेवढं बघा. बाकी विसरून जा. पहिल्या दिवशी वाक्यं तोंडात अडखळली, दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याशिवाय येऊ लागली. लोक गोळा होत. बहुतेक निवृत्त जोडपी होती, पाठदुखीवाली, झोप न येणारी. कायदा झाला तरी काही पुरुष अगदी हळू आवाजात विचारत, आणि तोही मग त्यांच्यासाठी हळू बोले. एका तरुणाने बायकोला सांगितलं की आधी लोक म्हणे काय काय खटाटोप करायचे, कपाटात लावायचे वगैरे, आणि दुजोरा मिळावा म्हणून क्विरिनकडे पाहिलं. क्विरिन म्हणाला, हो, करायचे. एका आजीबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘यात टोमॅटो येतील का?’’ तो म्हणाला, येतील. ‘‘मग हे कशाला लावायचं?’’ त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला टाकी उघडून दाखवली. तंबू खपत होते. एलिफ खूश होती, जाता-येता त्याला अंगठा दाखवत होती. संध्याकाळी ट्राममध्ये बसल्यावर त्याला वाटे की आज काहीतरी विचार करायचा राहिला आहे. घरी गेल्यावर तो पाव कापी, चीज कापी, टीव्हीवर नद्यांवरचा एखादा कार्यक्रम लावी, आणि ते राहून जाई.

गुरुवारी दुपारी त्याला आधी टोपी दिसली. तपकिरी, कॉर्डुरॉयची, मागे घडी पडलेली. वडील रांगेत होते. रांग म्हणजे तिघं-चौघं जण होते, पण ते मध्ये घुसले नाहीत, त्याच्याकडे बघून हातही केला नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, कोट बंद, दोन्ही हात पाठीमागे, पुढच्या बाईचं बोलणं संपायची वाट बघत उभा. या दुकानात ते कधी आले नव्हते. खिळे हवे असले तरी नदीपलीकडच्या जुन्या दुकानात जात. नंबर आल्यावर ते एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, ‘‘नमस्कार. हे जरा समजावून सांगता का?’’

आजूबाजूला माणसं होती. ते ‘सांगता का’ त्याच्या कानात एक क्षण तसंच राहिलं. हा माणूस आपल्याला ओळख न दाखवता बोलतो आहे ते लाजेने की आपल्या कामाचा मान म्हणून, हे त्याला ठरवता आलं नाही, आणि ठरवायची गरजही भासली नाही. त्याने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. माती भरा, बी टोचा. वडील त्याच्या ओठांकडे बघत होते, कानातल्या यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. संपल्यावर ते म्हणाले, ‘‘आणि वास?’’

‘‘हवा या नळीतून जाते. आत कोळसा आहे. बाहेर काही येत नाही.’’

‘‘शेजाऱ्यांना?’’

‘‘नाही.’’

‘‘जिन्यात?’’

‘‘जिन्यातही नाही.’’

वडिलांनी मान हलवली. पंखा हाताने थांबवून बघितला, सोडला. ‘‘रोज बघावं लागत असेल ना पण.’’ क्विरिन म्हणाला की बघितलं तर बिघडत नाही, पण गरज नाही. ‘‘अजिबात?’’ ‘‘अजिबात नाही.’’  मग मागची माणसं पुढच्या कप्प्याकडे सरकली तेव्हा आवाज उतरवून, घरातल्या आवाजात म्हणाले, ‘‘बुर्गलच्या पायांसाठी. शनिवारी येशील ना लावायला?’’

बुर्गलचा, म्हणजे आईचा, कर्करोग दोन वर्षांपूर्वी बरा झाला होता, पण औषधांनी तिच्या तळपायांतल्या नसा जळल्या होत्या. अंथरुणावर पडलं की पाय पेटत. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनीच सुचवलं होतं, औषधाच्या दुकानात मिळेल म्हणून कागदही दिला होता. पण औषधाच्या दुकानाची मालकीण चर्चच्या गायनात आईच्या बरोबर मागे उभी राहत असे. आई म्हणाली, दर रविवारी ती माझ्या मानेकडे बघत गाणार आणि मला सूर सापडणार नाही. त्यापेक्षा पाय जळू देत. औषधाच्या दुकानाचं हे त्याला शनिवारी कळलं. त्याच्या जुन्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल होतं, आईचं शिवणाचं मशीन होतं, आणि जिथे कपाट होतं तिथे भिंतीचा कागद जरा गडद राहिला होता. तंबू बरोबर त्या जागेत बसला. दुसरीकडे कुठे बसतच नव्हता. आई खुर्चीवर बसून बघत होती, वडील त्याला दांड्या एकेक करून देत होते. दांडी हातात येण्याआधी ती किती लांबीची हवी हे त्यांना कळत होतं. ‘‘आता चालतं म्हणे,’’ आई खिडकीकडे बघत म्हणाली. ‘‘हो,’’ क्विरिन म्हणाला. वडिलांनी पुढची दांडी दिली. त्याने तीन बिया बोटाने मातीत टोचल्या, टाक्या भरल्या, दिव्याचं घड्याळ लावलं. मग खाली जाऊन त्यांनी केक खाल्ला आणि नदीवरच्या पुलाची दुरुस्ती कधी संपणार यावर बोलले. परतताना ट्राममध्ये त्याला आठवलं की आपण पुन्हा त्या खोलीत, त्याच जागेत, तीच गोष्ट लावून आलो आहोत. त्याने त्यावर थोडा वेळ लक्ष ठेवलं. बाहेर लोक आइसक्रीम खात होते.

नंतर तो फोन करी तेव्हा वडील म्हणत, चांगली आहेत. किती वाढली विचारलं की म्हणत, चांगली वाढली. दोनदा तो रविवारी गेला तेव्हा खोलीचं दार बंद होतं, आणि आई म्हणाली, राहू दे, वर जाऊ नकोस, तो सांभाळतोय. मे महिना संपता संपता आईचाच फोन आला, घरी नाही, दुकानात. एलिफने तो त्याला आणून दिला. आई म्हणाली की पानं पिवळी पडताहेत आणि लोंबताहेत. तुझा बाप काही बोलत नाही, नुसता जाऊन उभा राहतो. तू ये.

काम संपल्यावर तो तसाच गेला, दुकानाचं हिरवं जाकीट अंगावर ठेवून. अजून चांगला उजेड होता, लोक अंगणांत पाणी मारत होते. तो वर गेला, मागोमाग वडील आले, आई दाराशी टेकून उभी राहिली. चेन उघडली. झाडं गुडघ्याएवढी झाली होती, चांगल्या बांध्याची, पण पानं खालच्या बाजूने पिवळी आणि सगळी खाली झुकलेली. तहानेने पानं कशी पडतात आणि पाण्याने कशी, यातला फरक त्याला लांबूनच दिसत असे. त्याने एक कुंडी उचलली. ती हाताला जड लागली, नको तेवढी जड. मातीला आंबूस वास होता. खाली टाकी जवळजवळ भरलेलीच होती, वातीने ओढलंच नव्हतं काही. ओढायला जागा नव्हती.

‘‘कोण पाणी घालतंय?’’ त्याने विचारलं.

वडील दिव्याकडे बघत होते. दारातून आई म्हणाली की रोज सकाळी घालतो. सूपची पळी घेऊन जातो वर, प्रत्येकाला एक. मी म्हटलं त्याला, अरे टाकी आहे ना.

‘‘पापा, खाली टाकी आहे. लागेल तेवढं पाणी ती आपणहून घेतात. वरून घालायचं नसतं. मुळं कुजतात.’’

‘‘माहीत आहे. तू सांगितलंस दुकानात.’’

‘‘मग?’’

वडिलांनी एका पिवळ्या पानाला बोट लावलं. ते पान देठापासून सुटून त्यांच्या हातात आलं. ‘‘तेव्हा चाललं होतं की,’’ ते म्हणाले.

‘‘तेव्हा कधी?’’

‘‘तू केम्प्टेनला होतास तेव्हा.’’

केम्प्टेनला तो होता ते दोन आठवडे त्याला लगेच आठवले, कारण त्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते. पोलीस येण्याच्या महिनाभर आधी, मार्च महिन्यात, विद्यापीठाने त्याला तिथल्या एका शाळेत शिकवण्याच्या सरावाला पाठवलं होतं. चार झाडं मागे ठेवून जायचं होतं आणि घरात कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून त्याने सोड्याच्या बाटल्यांच्या झाकणांना सुईने भोकं पाडली, त्या पाण्याने भरून मातीत उपड्या खोवल्या, तळघरातल्या बादलीत रेती घेऊन आधी दोनदा प्रयोग केले. दिव्याला घड्याळ लावलं. तिथे शिकवत असताना तो मनात म्हणत असे, तिकडे थेंब थेंब पडतोय. परत आला तेव्हा झाडं आणखी वीतभर वाढली होती, एकही पान सुकलं नव्हतं, बाटल्यांत तळाशी थोडं थोडं पाणी उरलं होतं. जिन्यावरून तो धावत खाली आला होता आणि आईला कारण न सांगता उचलून फिरवलं होतं. पुढे सगळं गेलं, पण ते एक राहिलं होतं. इतक्या वर्षांत त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मनात कुठेतरी तो असा माणूस होता की ज्याने एकदा एक गोष्ट मुळापासून बरोबर केली होती.

वडील सांगू लागले. ते खूप सावकाश बोलत होते, पाइप कुठे फुटला ते वरिष्ठांना सांगावं तसं. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीची खिडकी बंद करायला ते वर आले होते, गारठा होता. कपाटाच्या फटीतून उजेड येत होता. उघडलं तर दोन बाटल्या कलंडलेल्या, एकीचं झाकणच सुटलेलं, सगळं पाणी फळीवर. खालच्या छताला डाग पडला असता. त्यांनी पुसून काढलं. बाकीच्या दोन रिकाम्या झाल्या होत्या, भोकं मोठी पडली होती. झाडं मलूल दिसत होती. काय आहे ते त्यांना कळलं नाही असं नाही. पाणीपुरवठ्यातली तरुण पोरं जेवणाच्या सुट्टीत पंपाच्या खोलीमागे जायची, तो वास त्यांच्या ओळखीचा होता. माळ्यावर पाठवलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. मग ते खाली गेले आणि पळी घेऊन आले, कारण झारी कपाटात शिरत नव्हती. त्यानंतर रोज, बुर्गल गाण्याच्या सरावाला गेली की किंवा तिची मालिका लागली की. शेवटच्या दिवशी बाटल्या पुन्हा होत्या तशा लावल्या, आणि प्रत्येकीत थोडं पाणी ठेवलं, संपत आल्यासारखं दिसेल एवढं.

आई दारातून आत आली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी खुर्चीवर बसली. तिलाही हे आत्ताच कळत होतं. ‘‘आलोइस,’’ ती वडिलांना म्हणाली.

क्विरिनच्या हातात अजून कुंडी होती. त्याने ती खाली ठेवली. ‘‘कोर्टात का नाही सांगितलंस?’’ त्याने विचारलं. आवाज नेहमीचाच होता, तो त्यालाही ऐकू आला.

‘‘काय सांगणार होतो? मी सरकारी माणूस होतो.’’

‘‘मीही होणार होतो.’’

पंखा फिरत होता. शेजारच्या अंगणात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं, पुन्हा पुन्हा. त्याला वाटलं आता राग येईल. येण्यासारखी जागा होती, वेळ होती, समोर माणूस होता. घरभर शोधताना ज्या खोलीत वस्तू नक्की असणार असं वाटतं, तशा जागी तो मनातल्या मनात जाऊन उभा राहिला. तिथे एक म्हातारा होता, कोर्टाच्या खिडकीकडे बघणारा, ज्याला तेव्हा शंभर किलोमीटरवरून घरी परतलेल्या मुलासाठी बाटलीत किती पाणी उरलेलं दिसायला हवं याचा हिशेब करता आला होता आणि नंतर दोन शब्द बोलता आले नव्हते. ही दोन्ही माणसं एकच होती. त्यांना एकमेकांपासून सोडवता येत नव्हतं. वडील म्हणाले, ‘‘त्या दिवशी घरी आलास तेव्हा केवढा खूश होतास. म्हटलं, राहू दे, नंतर बोलू. आणि मग ती माणसं आली. मला वाटायचं तू विचारशील आज ना उद्या.’’

‘‘काय विचारणार? मला वाटत होतं बाटल्या चालल्या.’’

‘‘हं,’’ वडील म्हणाले.

क्विरिनने हाताला लागलेली माती जाकिटाला पुसली. ‘‘किती घालायचास?’’

‘‘एकेक पळी. जास्त होतं का?’’

‘‘नाही,’’ क्विरिन म्हणाला. ‘‘बरोबर होतं.’’

वडिलांनी ते पिवळं पान खिशात घातलं आणि चष्मा काढून पुसला, बराच वेळ. आई उठून खाली जाईल असं वाटत होतं, पण ती बसून राहिली. क्विरिनने तिला शिवणाची कात्री मागितली. तिने दिली. त्याने पहिली कुंडी तिरकी केली, बुडातून लोंबणारी ती ओली, जाड वात पकडली आणि मातीलगत कापली. मग दुसरी, मग तिसरी. वडिलांनी विचारलं हे काय करतोस. तो म्हणाला की आता टाकी नको. उद्या पाणी घालू नकोस, परवाही नको. माती वाळू दे. मग रोज येऊन बोट घालून बघ, वरून कोरडी लागली तर अर्धी पळी, नाहीतर नाही. ‘‘उचलून बघ. हलकी लागली की तहान लागली.’’ वडिलांनी एक कुंडी उचलली, दोन्ही हातांनी, छातीशी. ‘‘ही जड आहे,’’ ते म्हणाले. ‘‘खूप,’’ क्विरिन म्हणाला. ‘‘रोज बघायचं म्हणजे?’’ ‘‘रोज बघायचं.’’ ‘‘जगतील?’’ आईने खुर्चीतून विचारलं. तो म्हणाला, दोन जगतील. तिसरीचं सांगता येत नाही.

टाक्या त्याने न्हाणीघरात नेऊन ओतल्या. बूट त्याने नेहमीप्रमाणे खाली काढून ठेवले होते. शेवटची टाकी काठोकाठ होती, आणि पॅसेजमध्ये वळताना ती हिंदकळली आणि त्याच्या उजव्या पायावर सांडली. तो थांबला. पाणी गार होतं. ते मोज्यातून आत गेलं, बोटांच्या मधे गेलं, टाचेखाली साचलं, आणि तो टाकी धरून तिथेच उभा राहिला. वडील मागून म्हणाले, ‘‘काय झालं?’’ तो म्हणाला, ‘‘काही नाही. पाय भिजला.’’ तरी तो हलला नाही. वडील गुडघे टेकून, भिंतीला धरून खाली बसले आणि फडक्याने त्याच्याभोवतीची फरशी पुसू लागले. पुसताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्याला वाटलं यांना उठव, आणि त्याने टाकी बाजूला ठेवून हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि लगेच उठले नाहीत.

आईने त्याला ओले मोजे घालून जाऊ दिलं नाही. तिने वडिलांच्या कपाटातून लोकरीचे जाड मोजे काढून दिले, मे महिन्यात. त्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. ते त्याला थोडे आखूड होते. बूट कसेबसे चढले. थांब्यावर ट्राम उभीच होती, जवळजवळ रिकामी. खिडकीशी बसून तो पुलाकडे, मग पाण्याकडे बघत राहिला. डावा पाय नेहमीसारखा होता. उजवा लोकरीत हळूहळू गरम होत होता, आधी टाच, मग तळवा, मग एकेक बोट, आणि ते त्याला कळत होतं.